दोन झटके, एक रुग्ण: एका रुग्णालयाच्या तातडीच्या सेवेचे परीक्षण

माझ्या आत्याला, वय वर्षे ७६, एकाच सकाळी हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात असे दोन्ही आले. त्यानंतरचे १९ दिवस आम्ही ज्या रुग्णालयात काढले, तिथल्या सेवेचे हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या विभागाने तिचा जीव वाचवला आणि ज्या विभागांनी घरी पाठवताना एकमेकांना छेद देणारे दोन कागद आमच्या हातात ठेवले, ते सगळे एकाच इमारतीत आहेत, आणि नाव घेतले की वाचणारा त्यांपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवील. शिवाय ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्या जवळ हेच रुग्णालय असेल असे नाही. तिथे मी काय पाहिले, कोणते प्रश्न वेळेवर विचारले आणि कोणते विचारायचे राहून गेले, ते मात्र कुठेही उपयोगी पडेल.

आधी माझी मोजपट्टी सांगते, म्हणजे पुढची स्तुती आणि तक्रार दोन्ही कशावरून केली ते कळेल. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे आणि मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे, हे ऐकायला एकाच जातीचे आजार वाटतात, आणि एका अर्थी ते आहेतही. पण त्यांच्यावरचे उपचार एकमेकांच्या पायात पाय घालतात. हृदयविकाराच्या झटक्यात अ‍ॅस्पिरिन, तिच्या जोडीला दुसरी तशीच गोळी आणि हेपॅरिन, ही रक्त पातळ करणारी सगळी औषधे शक्य तितक्या लवकर द्यायची असतात. पक्षाघातात मात्र सीटी स्कॅन होऊन मेंदूत रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत यांतले काहीच देता येत नाही, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिलेच तर त्यानंतर २४ तास, पुन्हा स्कॅन होईपर्यंत, सहसा अ‍ॅस्पिरिनसुद्धा थांबवून ठेवतात. ते इंजेक्शन, अल्टेप्लेज, दोन्ही आजारांत चालते, पण मेंदूसाठी त्याची मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम असते, तर हृदयासाठी ती १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि देण्याची गतीही वेगळी असते. रक्तदाबाचेही तेच. हृदयाच्या डॉक्टरांना तो खाली हवा असतो, म्हणजे दुखावलेल्या स्नायूवरचा ताण हलका होतो. मेंदूच्या डॉक्टरांना तो फार खाली गेलेला चालत नाही, कारण बंद वाहिनीपलीकडचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून असतो. म्हणून अशा रुग्णासाठी रुग्णालयात किती नामवंत हृदयतज्ज्ञ आहेत आणि किती नामवंत मेंदूतज्ज्ञ आहेत, हे मी नंतर पाहीन. ते दोघे एकाच वेळी एकाच खाटेशी उभे राहतात का, आणि त्यांचे एकमत झाले नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हे मी आधी पाहते.

त्या दिवशी सकाळी सव्वासहाला आत्या तोंड धुऊन खिडकीशी बसली होती आणि माझ्या आतेभावाशी नीट बोलली होती. पावणेसातला तो पुन्हा खोलीत गेला, तेव्हा ती खुर्चीतच एका अंगाला कलली होती, उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता, तोंड डावीकडे ओढले गेले होते आणि ब्लाउज घामाने भिजून पाठीला चिकटला होता. डाव्या हाताने ती छाती चोळत होती. वाकडे तोंड आणि लुळा हात पाहून लकवा आहे हे घरातल्या सगळ्यांना कळले. घामाकडे आणि छाती चोळणाऱ्या हाताकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. वयस्कर माणसांत, त्यातही मधुमेह असेल तर, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो हे आपण ऐकून असतो. इथे दुखत होते, पण दुखते आहे हे सांगणारी वाचाच गेली होती. शेजारच्या काकांनी अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला द्या असे सांगितले होते आणि गोळी हातात आलीही होती. रुग्णवाहिकेसाठी फोन घेणाऱ्या माणसाने आतेभावाला विचारले, "तोंड वाकडे झाले आहे का?" आणि उत्तर ऐकताच सांगितले, "मग तोंडावाटे काहीही देऊ नका, पाण्याचा घोटसुद्धा नाही." या सेवेला मी दिलेला पहिला पूर्ण गुण याच वाक्यासाठी आहे.

दुसरा गुण रुग्णवाहिकेतल्या दोघांना. त्यांनी गाडी हलण्याआधीच ईसीजी काढला आणि तो पाहून रुग्णालयात जो निरोप दिला, तो आतेभावाला शब्दन् शब्द आठवतो: "हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका दिसतो, उजवे अंग लुळे, बोलणे बंद, शेवटचे ठीक पाहिले सव्वासहा." यातला शेवटचा तुकडा घरच्यांनी नीट समजून घ्यावा. पक्षाघाताचे घड्याळ रुग्ण पडलेला सापडला तेव्हा सुरू होत नाही, तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून चालू धरतात, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला तिथून साधारण साडेचार तासांची मुदत असते. आतेभाऊ घाबरून सारखा "पावणेसात, पावणेसात" म्हणत होता. त्याच्याकडून सव्वासहा काढून घेणारा तो तरुण मुलगा मला पुन्हा भेटला नाही.

आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी दारात पोहोचलो, तेव्हा दोन्ही विभागांचे डॉक्टर खाली आलेले होते. एका सिस्टरने स्ट्रेचरच्या दांडीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा हातभर तुकडा लावला आणि त्यावर पेनाने लिहिले: "६.१५ ठीक, ७.२० दार." पुढची प्रत्येक वेळ त्याच पट्टीवर चढत गेली. भिंतीवर संगणकाचा मोठा पडदा होता, पण तिथे जमलेल्या आठदहा माणसांपैकी जो तो त्या पट्टीकडेच पाहत होता. नोंद रुग्णाबरोबर हलते आहे, ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटली, आणि पुढे ती नोंद रुग्णापासून सुटली तेव्हा काय झाले ते येईलच.

मग वजनाचा प्रश्न आला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा आतेभावाने ६५ किलो सांगितले, आणि तो आकडा कोणीतरी फाइलवर लिहूनही घेतला. सिस्टरने आत्याच्या मनगटाकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "आजींचं एवढं नसेल. वजनाच्या खाटेवर घ्या." त्या खाटेने ५८ दाखवले. किलोमागे ०.९ या हिशेबाने ६५ ला साडेअठ्ठावन्न मिलिग्रॅम होतात आणि ५८ ला बावन्न. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती ज्या औषधात आहे, त्यात सहा मिलिग्रॅमची चूक केवळ घरच्यांच्या अंदाजामुळे झाली असती. घरातल्या वयस्कर माणसाचे अलीकडचे वजन आपल्याला ठाऊक असते असे आपण धरून चालतो. माझ्या आतेभावाने सांगितलेले वजन बहुधा तीन-चार वर्षांपूर्वीचे होते.

दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला, तेव्हा मला ती उगाच पुनरावृत्ती वाटली. कारण नंतर समजले. महाधमनीच्या भिंतीला आतून चीर गेली, तर ती चीर हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिनीच्या तोंडापर्यंत आणि मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीपर्यंत पोहोचू शकते. मग हार्ट अटॅक आणि पक्षाघात एकत्र दिसतात, आणि अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध देणे म्हणजे त्याला मारणेच. दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक ही तिची एक खूण असते, पण ती दर वेळी सापडत नाही. म्हणून त्यांनी ७.३८ ला नुसता मेंदूचा स्कॅन न करता शिरेतून रंगद्रव्य सोडून छातीपासून डोक्यापर्यंतच्या रक्तवाहिन्याही पाहिल्या. रक्तस्राव नव्हता, महाधमनी शाबूत होती, आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीत गुठळी होती. मधल्या वेळात एका निवासी डॉक्टरने शंका काढली, की हे ईसीजीतले बदल पक्षाघातामुळेच आले असतील. शंका रास्त होती, कारण मेंदूला मोठी इजा झाली तर ईसीजी बदलतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले ट्रोपोनिन वाढते, प्रसंगी हृदयाचा स्नायूही तात्पुरता फुग्यासारखा फुगतो. वरिष्ठांनी त्याला गप्प केले नाही. त्यांनी इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, यंत्र ओढले, छातीवर दोन मिनिटे धरले, आणि हृदयाची खालची भिंत हलत नाही हे त्यालाच पडद्यावर दाखवले.

आता माझ्या मोजपट्टीचा प्रश्न. तिथे शेवटचा शब्द तातडीच्या विभागाच्या प्रमुख बाईंचा होता, आणि तो तसा आहे हे कोणाला विचारावे लागले नाही. दोन्ही तज्ज्ञांनी आपापले म्हणणे मांडले, त्यांनी ऐकले, आणि पडद्याबाहेर येऊन आमच्याशी बोलल्या. "ताई, मेंदूच्या मात्रेनं इंजेक्शन देणार आहोत. हृदयातली गुठळीही त्यानं थोडी सैल होईल. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव शंभरात साधारण सहा जणांना होतो, आणि हार्ट अटॅक ताजा असल्यामुळे हृदयाच्या भिंतीलाही थोडा धोका आहे. इंजेक्शन दिल्यावर लगेच दोन्ही वाहिन्या तारेनं उघडायला नेऊ. उद्या पुन्हा स्कॅन होईपर्यंत रक्त पातळ करणारी एकही गोळी द्यायची नाही." शंभरात सहा हा आकडा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अमेरिकी चाचणीतला आहे. बाईंनी आकडा सांगितला, धोका सांगितला आणि पुढची पायरीही सांगितली. आणि शेवटचे वाक्य इतके स्वच्छ होते की त्याच रात्री त्याने आत्याला वाचवले.

पुढे मी या विषयावर जे वाचले त्यावरून कळले, की या जोडीला वैद्यकीय लिखाणात कार्डिओ-सेरेब्रल इन्फार्क्शन म्हणतात आणि हे नाव २०१० च्या सुमाराचे, म्हणजे बरेच नवे आहे. असे रुग्ण इतके थोडे, की मोठ्या संख्येवर पारखलेला उपचार उपलब्धच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत मेंदूच्या मात्रेने अल्टेप्लेज आणि त्यानंतर गरज असल्यास हृदयाची अँजिओप्लास्टी, एवढे वाजवी मानले आहे. "वाजवी" हा शब्द डॉक्टरांच्या भाषेत "करावेच" याच्या बराच खालचा असतो. म्हणजे त्या सकाळी बाईंसमोर तयार वाट नव्हती, आणि तरी दारापासून सुई टोचेपर्यंत ४६ मिनिटे लागली. पट्टीवर लिहिले होते, "८.०६ सुई." मोठ्या वाहिनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब एका अमेरिकी मेंदूतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला होता. तो वाचल्यावर मी ४६ ला १९ लाखांनी गुणायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिले.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांत तार घालून उपचार करतात त्या खोलीत, दोन्ही कामे एकाच टेबलावर झाली. आधी कोणते, हा वाद आमच्या कानावर आला नाही, निर्णय आला: नाडी आणि रक्तदाब टिकून आहेत, तेव्हा आधी मेंदू. मेंदूतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचार २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी पक्का केला. तो करणारे डॉक्टर काम करत असताना हृदयाचे डॉक्टर शिशाचा जड अंगरखा घालून तिथेच मॉनिटरकडे पाहत उभे होते, रक्तदाब कोसळला तर क्रम उलटा करायच्या तयारीत. मेंदूची वाहिनी ९.२५ ला उघडली, हृदयाची ९.५२ ला. हृदयविकाराच्या झटक्यात दारापासून वाहिनी उघडेपर्यंत ९० मिनिटांच्या आत काम व्हावे असा दंडक आहे. आत्याच्या बाबतीत १५२ मिनिटे लागली. नुसते आकडे पाहणारा कोणी या रुग्णालयाला त्या रकान्यात नापास करील. मी करणार नाही, कारण तो उशीर कोणी हयगय केल्यामुळे झाला नव्हता, कोणीतरी जबाबदारी घेऊन ठरवल्यामुळे झाला होता. हृदयाच्या वाहिनीतली गुठळी नळीने शोषून घेतल्यावर वाहिनीची भिंत स्वच्छ निघाली, चरबीचा थर नाही, अरुंदपणा नाही. डॉक्टरांनी स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, घातला नाही. स्टेंट घातला असता तर दोन-दोन गोळ्या बरेच महिने द्याव्या लागल्या असत्या, आणि नुकत्याच दुखावलेल्या मेंदूला त्या परवडल्या नसत्या. हातात असलेली गोष्ट न करण्याचे कौशल्य बिलाच्या कागदावर कुठे दिसत नाही, म्हणून इथे नोंदवते.

इथपर्यंत सगळे एकजीव होते. त्यानंतर आत्याला हृदयाच्या आयसीयूत नेले आणि सांधा तिथे उसवायला लागला.

पहिली रात्र. रक्तदाब सुरुवातीला दर १५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने मोजत होते. तो १८०/१०५ च्या वर जाऊ द्यायचा नव्हता, आणि ते काम चोख चालले होते. साडेअकराला पाळी बदलली. नव्या सिस्टर प्लॅस्टिकच्या इवल्याशा पेल्यात गोळ्या घेऊन आल्या, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास होता, आणि त्या अगदी मायेने म्हणाल्या, "आजी, उठा बरं, औषध घ्यायचंय." मी विचारले, "कसल्या गोळ्या?" पेल्यात अ‍ॅस्पिरिन होती आणि तिची जोडीदारीणही. हृदयाच्या आयसीयूत दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या फाइलला औषधांचा एक छापील तक्ता लागतो, त्यात या गोळ्या आधीच छापलेल्या असतात, आणि त्या खोडायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. शिवाय आत्याला गिळता येते की नाही हे अजून कोणी तपासले नव्हते. अशा अवस्थेत पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. मी बाईंचे सकाळचे वाक्य म्हणून दाखवले. सिस्टरांनी फाइल उलटली, फोन लावला आणि पेला परत नेला. दुसऱ्या दिवशी खाटेच्या डोक्याशी लाल अक्षरांत पाटी लागली आणि मेट्रन स्वतः येऊन दिलगिरी व्यक्त करून गेल्या. त्या सिस्टरांवर माझा राग नाही. त्यांनी कागदावर लिहिलेले केले. कागद एका आजाराचा होता आणि रुग्ण दोन आजारांचा. सकाळची ती चिकटपट्टी कॅथलॅबच्या स्ट्रेचरवरच राहून गेली होती.

दुसऱ्या स्कॅनमध्ये मेंदूत रक्ताचे बारीक ठिपके दिसले, मोठा स्राव नव्हता. त्याआधीच संध्याकाळी मॉनिटरवर नाडीचा ताल सुटलेला दिसला होता: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी धरते, आणि तिचे तुकडे कुठेही जाऊ शकतात. आत्याच्या बाबतीत एक मेंदूत गेला आणि एक हृदयाच्याच वाहिनीत. दोन्ही आजारांचे मूळ एकच निघाल्यावर पुढचा उपचारही एकच होता, गुठळी होऊ न देणारे औषध. वाद होता तो ते कधी सुरू करायचे यावर. हृदयाचे डॉक्टर लवकर म्हणत आणि अशा पक्षाघातानंतर हे औषध लवकर सुरू करून पाहणाऱ्या २०२३ च्या एलान चाचणीचा दाखला देत, मेंदूचे डॉक्टर त्या ठिपक्यांकडे बोट दाखवत. दोघांचेही बरोबर होते, पण तीन दिवस ते एकमेकांशी आमच्यामार्फत बोलत होते, सकाळच्या फेरीला एक आणि संध्याकाळच्या फेरीला दुसरे, आणि मी मधली निरोप्या. पाचव्या दिवशी मी तातडीच्या विभागाच्या बाईंना जाऊन भेटले. तो रुग्ण आता त्यांच्या अखत्यारीत नव्हता. तरी त्यांनी फोन केला, दोघे दुपारी एकत्र खाटेशी आले आणि दहा मिनिटांत ठरले: सातव्या दिवसापासून. ही भेट पहिल्याच दिवशी का ठरली नव्हती, याचे उत्तर मला मिळाले नाही.

वॉर्डातल्या सेवेत फिजिओथेरपी चांगली होती, दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला खाटेच्या कडेला बसवले. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. वाचा-उपचार करणाऱ्या मुलीबद्दल मात्र लिहायला हवे. तिने चमचाभर पाणी जिभेवर ठेवून, बोटे गळ्यावर ठेवून गिळणे तपासले, नापास केले, नाकातून नळी घालायला लावली, आणि सहाव्या दिवशी घट्ट केलेल्या द्रवावर पास केले. बोलण्यासाठी तिने वेगळीच वाट धरली. आत्याला "पाणी" म्हणता येत नव्हते, मुलाचे नाव घेता येत नव्हते, प्रत्येक शब्दाशी ती अडून डोळ्यांत पाणी आणत होती. मुलीने एकदा सहज "बे एके बे" म्हटले, आणि आत्या "बे दुणे चार" पासून "बे दाहे वीस" पर्यंत एकही अडखळ न घेता म्हणून गेली. पाठ झालेले, ठेक्यातले बोलणे मेंदूत वेगळ्या रस्त्याने येते आणि पुष्कळदा वाचते, असे तिने नंतर समजावले. त्या क्षणी आतेभाऊ बाहेर निघून गेला होता. त्यानंतर रोज पाढ्यांपासून सुरुवात, मग वार, मग महिने, आणि मग त्या रांगेतला एकच शब्द बाहेर काढून विचारणे. ही मुलगी आठवड्यातून तीनच दिवस यायची. एवढ्या मोठ्या रुग्णालयात ती एकटीच होती, ही माझी तक्रार आहे.

आणखी एक गोष्ट तिथे कोणी विचारली नाही. पक्षाघातानंतर तीन रुग्णांपैकी जवळजवळ एकाला नैराश्य येते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे ते चेहऱ्यावरून ओळखावे लागते. आत्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून पडून राही. आम्ही सांगितले, तेव्हा "होतं असं" एवढेच उत्तर आले.

घरी सोडायच्या दिवशी दोन डिस्चार्ज कार्डे मिळाली. हृदयाच्या कार्डावर गुठळी रोखणारे नवे औषध होते आणि त्याखाली अ‍ॅस्पिरिन व तिची जोडीदारीणही होती, बहुधा त्याच छापील तक्त्यातून उतरलेली. मेंदूच्या कार्डावर फक्त नवे औषध होते आणि "याबरोबर अ‍ॅस्पिरिन देऊ नये" असे अधोरेखित केले होते. एकावर रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवा असे होते, दुसऱ्यावर तो एकदम कमी करू नका. आणि वजन: एका कार्डावर ५८, दुसऱ्यावर ६५. पहिल्या पाच मिनिटांत आतेभावाने सांगितलेला तो आकडा १९ दिवस फाइलीच्या तळाशी जिवंत राहिला होता. या गटातल्या काही औषधांची मात्रा ठरवताना वय, वजन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहतात आणि वजनाची रेषा ६० किलोला आहे, तेव्हा ही नुसती कारकुनी चूक म्हणता येत नाही. चार तास आम्ही या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरलो. शेवटी औषध विभागातला एक तरुण फार्मासिस्ट दोन्ही कार्डे समोर घेऊन बसला, दोन्ही डॉक्टरांना फोन केले, आणि पाऊण तासात एकच कागद तयार केला: औषध, मात्रा, वेळ, कशासाठी, कधीपर्यंत, वर ठळक अक्षरांत वजन ५८ किलो. हे त्याचे ठरलेले काम नव्हते असे तो म्हणाला. ते कोणाचे तरी ठरलेले काम असायला हवे.

तर माझा निकाल असा. पहिल्या अडीच तासांसाठी या रुग्णालयाला दहापैकी दहा, आणि असा प्रसंग पुन्हा आला तर मी डोळे मिटून तिथेच नेईन. आयसीयू ते घर या प्रवासासाठी दहापैकी पाच, आणि त्या प्रवासात डोळे मिटायची सोय नाही: सोबत एक जाड वही ठेवावी, प्रत्येक फेरीला "हे दुसऱ्या डॉक्टरांना माहीत आहे का?" हा एकच प्रश्न न लाजता विचारावा, आणि गिळण्याची तपासणी, दुसरा स्कॅन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाची तारीख या तीन नोंदी स्वतःच्या हाताने कराव्यात. प्रतीक्षालयातल्या खुर्च्या, लिफ्ट, चौकशीची खिडकी यांबद्दल लिहिण्याइतके मला काही आठवत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आत्या काठी घेऊन चालत गेली. उजव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, नावे अडतात, पण ओळख पटते आणि मान डोलते. दोन्ही डॉक्टरांच्या भेटी आम्ही भांडून एकाच दिवशी घेतल्या होत्या आणि दोघांपुढे फार्मासिस्टचा तोच एक कागद ठेवला. हृदयाच्या डॉक्टरांनी तो वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. "वजन अठ्ठावन्न," ते म्हणाले. बाहेरच्या काट्यावर नुकतीच उभी राहून आलेल्या आत्याने डावा हात वर केला, जरा थांबली, ओठ दोनदा हलवले आणि म्हणाली, "छप्पन्न."